ए, बी गेले, सी राहिला

परवा येडशीला माझ्या भाच्यानं लॅपटॉप उघडला आणि मला विचारलं, ‘मामू, हे सीपासूनच का सुरू होतं? ए आणि बी कुठं गेले?’ मी पडलो कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी.ए. झालेला. असले प्रश्न मला कुणी विचारत नाही. पण याचं उत्तर मला ठाऊक होतं. कारण ते ठाऊक नसल्यामुळे एकदा माझ्या अकरा कविता गेल्या. कशा गेल्या ते सांगतो, पण आधी ए आणि बीची हकिकत.

लहान संगणकाच्या बाल्यावस्थेत त्याच्या पोटात डिस्क नसायचीच. फ्लॉपी घालायची, काम करायचं, फ्लॉपी काढून घ्यायची. १९७४ साली अमेरिकेत गॅरी किल्डॉल या गृहस्थांनी सीपी/एम नावाची प्रणाली तयार केली. तिच्यात फ्लॉपीच्या पहिल्या खाचेला ए म्हणत आणि दुसरीला बी. डिस्कला अक्षर देण्याची चाल आयबीएमच्या अवाढव्य यंत्रांवर त्याच्याही आधी, १९६०च्या दशकात पडली होती. सीपी/एमच्या वळणावरच टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये आपली प्रणाली लिहिली, मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी तीच घेऊन बाजारात आला. तिलाच पुढं सगळे डॉस म्हणू लागले. गंमत अशी, की यंत्राला एकच खाच असली तरी डॉस तिला ए आणि बी अशी दोन्ही नावं द्यायचा. ‘आता बीची फ्लॉपी घाला’ असं पडद्यावर यायचं आणि माणूस दुसरी खाच शोधत बसायचा!

मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क बसून आली. आजच्या मोबाइलचे दोन-चार फोटो मावतील, एवढीच ती. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले, म्हणून तिच्या वाट्याला सी आला. पुढं फ्लॉपी गेली, तिच्या खाचाही गेल्या. सी मात्र आपल्या जागेवरून हलला नाही.

मग डी, ई हे कुठून आले? ते आले वाटणीतून. डॉस तेव्हा डिस्कच्या एका भागात फार तर ६५,५३६ खण मोजू शकत असे. एकेक खण ५१२ बाइटचा. म्हणजे झाले ३२ एमबी. डिस्क ४० एमबीची असली तरी एका भागाला ३२च्या पुढं जाता येईना. १९८७ साली डॉसच्या ३.३ या आवृत्तीनं एकाच डिस्कचे अनेक भाग पाडायची सोय केली आणि प्रत्येक भागाला वेगळं अक्षर मिळू लागलं. इंग्रजीत या भागाला पार्टिशन म्हणतात. आपल्याकडे शेताची वाटणी होते तसंच हे. एकच रान, मधे बांध, आणि दोन्हीकडे वेगळा गट नंबर.

पण इथं एक मेख आहे. गट नंबर सरकारदप्तरी लिहिलेला असतो. डॉसमध्ये आणि विंडोज ९८ पर्यंत हे अक्षर कुठंही लिहिलेलं नसे. यंत्र सुरू झालं की दर वेळी नव्यानं हजेरी व्हायची. आधी पहिल्या डिस्कचा मुख्य भाग, मग दुसऱ्या डिस्कचा मुख्य भाग, आणि त्यानंतर उरलेले पोटभाग. ज्याचा नंबर जसा लागेल तसं त्याला अक्षर.

आता माझी गोष्ट. सन २००१. जिल्ह्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडं माझा संग्रह टाइप होत होता. त्याच्या यंत्रात एकच डिस्क, तिचे दोन भाग : सी आणि डी. कविता डीमध्ये. जागा पुरेना म्हणून त्यानं दुसरी डिस्क आणून बसवली. नवी आलेली शेवटी बसणार, म्हणजे ती ई, असा त्याचा हिशेब. पोरगा हुशार होता, हिशेबही कुणालाही पटेल असाच होता. पण हजेरीत नव्या डिस्कचा मुख्य भाग आधी उभा राहिला आणि डी झाला. जुना डी, माझ्या कवितांसकट, सरकून ई झाला. पोरानं ‘ई फॉरमॅट कर’ असा हुकूम दिला. यंत्रानं विचारलं, ‘सगळी माहिती जाईल, चालेल?’ त्यानं वाय दाबला. मी शेजारच्या स्टुलावर चहा पीत बसलो होतो. ‘भाई, ई कोरीच आहे,’ तो म्हणाला. मीही मान डोलावली.

त्या कोऱ्या झालेल्या भागावर त्याच दिवशी लग्नपत्रिकांची कामं उतरली. फॉरमॅट केल्यावर लगेच हात आवरला तर बरंच काही परत मिळतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. साठ कविता होत्या. एकोणपन्नास प्रुफाच्या कागदांवरून पुन्हा टाइप केल्या. अकरांचे कागद निघालेच नव्हते, आणि त्यांची वही मी, टाइप झालं म्हणून, रद्दीत दिली होती. तो दोष माझा.

हा घोळ टाळण्याची सोय २००० सालच्या विंडोज २००० मध्ये आणि पुढं एक्सपीमध्ये आली होती. तिथं प्रत्येक भागाची खूण आणि त्याला दिलेलं अक्षर यंत्र स्वतःच्या दप्तरात नोंदवून ठेवतं. नवी डिस्क आली तरी जुना डी सहसा डीच राहतो. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या भागावर उजवी टिचकी मारली की अक्षर बदलण्याचा पर्याय येतो. त्यातली माहिती त्यानं हलत नाही. ज्या भागावरून विंडोज चालतं, त्याचं अक्षर मात्र तिथं बदलू देत नाहीत.

माहिती हलत नसली तरी वाटा तुटतात. पानात जोडलेलं चित्र ‘डी’मध्ये आहे असं त्या फायलीत लिहिलेलं असतं, अक्षर बदललं की ते चित्र सापडत नाही. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. येडशीचा घाट आणि रामलिंगाचं देऊळ होतं तिथंच आहे. पण एस.टी.च्या पाट्या बदलल्या आणि माझा शाळेचा दाखला आता एक नाव सांगतो, नवे कागद दुसरं. खिडकीवर दोन्ही जुळवून दाखवावे लागतात.

भाच्याला मी एवढंच शिकवलं, की अक्षरावर जाऊ नकोस. डिस्क किती जीबीची आहे ते बघ, आणि प्रत्येक भागाला लेबल दे. अक्षर इंग्रजीच लागतं, पण लेबल आपल्या लिपीतही चालतं. त्यानं डीला ‘मामूच्या कविता’ असं लेबल दिलं. मग माझा पेन ड्राइव्ह लावला आणि म्हणाला, ‘ए रिकामाच आहे की. याला देऊ?’

देता येतो म्हटलं. आधी जीबी बघायला लावले आणि मग दिला.