सरकारी शाळेतील शिक्षकांचे वेतन : वेतनश्रेणी, मानधन आणि ‘समान कामासाठी समान वेतन’

सरकारी शाळेतील शिक्षकांना योग्य पगार मिळतो का, या प्रश्नाची दोन अगदी उलट उत्तरे ऐकू येतात. ‘गुरुजींना भरपूर पगार आहे’ असे कोणी म्हणते, तर कोणी ‘एवढ्या पैशात घर कसे चालवायचे’ असे विचारते. दोन्ही खरे असू शकते. एकाच शाळेत शेजारच्या वर्गांवर शिकवणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एक नियमित वेतनश्रेणीवर आणि दुसरा ठरावीक मानधनावर असू शकतो. त्यामुळे रक्कम पाहण्याआधी नेमणूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे.

नियमित वेतनश्रेणी

केंद्रीय विद्यालयांत सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा ३५,४०० रुपये, प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे ४४,९०० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षकाचे ४७,६०० रुपये आहे. यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो आणि मूळ वेतन दरवर्षी सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. जानेवारी २०२४ पासून केंद्राचा महागाई भत्ता ५० टक्के झाला, तेव्हा ३५,४०० रुपयांवर केवळ या भत्त्याचे १७,७०० रुपये होत होते. राज्यांच्या शाळांतील वेतन राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० रुपयांपासून सुरू होते.

या श्रेणीतील वेतन कमी आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो या श्रेणीच्या बाहेर राहिलेल्यांचा.

मानधनावरील शिक्षक

कमी खर्चात शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून अनेक राज्यांनी मानधनावर नेमणुका केल्या. उत्तर प्रदेशात त्यांना शिक्षामित्र, बिहारमध्ये नियोजित शिक्षक, झारखंडमध्ये पारा शिक्षक आणि महाराष्ट्रात शिक्षण सेवक असे नाव मिळाले. नावे सारखी वाटली तरी अटी फार वेगळ्या आहेत.

महाराष्ट्रात शिक्षण सेवकाचा कालावधी तीन वर्षांचा असतो. तो समाधानकारकपणे पूर्ण झाल्यावर नियमित वेतनश्रेणी मिळते. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये मानधन ठरले. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये होते. वाढ मोठी आहे, तरीही १६,००० रुपये हे नियमित शिक्षकाच्या नुसत्या मूळ वेतनापेक्षाही बरेच कमी आहेत, आणि वर्ग, विद्यार्थी व अभ्यासक्रम मात्र तेच आहेत. निदान ही तफावत तीन वर्षांनी संपते.

शिक्षामित्रांची स्थिती याहून अवघड झाली. उत्तर प्रदेश सरकारने त्यांना सहायक अध्यापक पदावर सामावून घेण्यास सुरुवात केली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०१७ रोजी हे समायोजन रद्द ठरवले. ज्यांना नियमित वेतन मिळू लागले होते ते पुन्हा मानधनावर आले. त्या वेळी मानधन दरमहा १०,००० रुपये ठरले, तेही वर्षातील ११ महिन्यांसाठी.

न्यायालये काय म्हणतात?

संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व आहे. पंजाब राज्याविरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी, नियमित कर्मचाऱ्यासारखेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही हे तत्त्व लागू होते असे सांगितले. अनेक शिक्षक या निकालाचा आधार घेतात, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. बिहारच्या नियोजित शिक्षकांच्या बाजूने पाटणा उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१९ रोजी रद्द केला. त्यांची भरती वेगळ्या पद्धतीने झाली, त्यांचा संवर्ग वेगळा आहे आणि राज्यावर मोठा आर्थिक भार येईल, हे मुद्दे तेथे महत्त्वाचे ठरले. वेतन वाढवण्याचा विचार करावा, अशी सूचना मात्र न्यायालयाने राज्याला केली. पुढे २०२३ च्या नियमावलीने सक्षमता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या नियोजित शिक्षकांना राज्य कर्मचाऱ्याचा दर्जा मिळण्याचा मार्ग खुला झाला.

म्हणून मानधनावरील शिक्षकांनी नेमणुकीचा आदेश, मूळ जाहिरात, निवड यादी, पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कामाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. दावा तपासताना या कागदांना महत्त्व येते.

पैसे उशिरा का येतात?

काही पदांचे पैसे समग्र शिक्षा योजनेतून येतात. या योजनेत केंद्र व राज्याचा वाटा बहुतेक राज्यांत ६०:४० आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९०:१० असतो. निधी हप्त्यांनी मिळतो. एक हप्ता अडला की त्यावर अवलंबून असलेल्यांचे वेतन रखडू शकते. २०२४ मध्ये पीएम श्री योजनेच्या करारावरून केंद्र आणि तमिळनाडू यांच्यात मतभेद झाले, तेव्हा हे दिसले. करारावर सही करायची की नाही हे शिक्षकाच्या हातात नसते.

पालकांनी काय पाहावे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देण्यास कलम २७ मनाई करते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे किती पदे मंजूर आहेत, किती रिक्त आहेत आणि किती मानधनावर आहेत हे बैठकीत विचारता येते व शाळा विकास आराखड्यात नोंदवता येते.

उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी जिल्हा परिषदेकडे, महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेकडे अर्ज करावा. महाराष्ट्रात आणि केंद्राच्या कार्यालयांत अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क लागत नाही, परंतु त्याचा पुरावा जोडावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात एखाद्या शिक्षकाच्या खासगी कपातींचा तपशील मागू नये. पदे, मानधनाचा दर आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला, एवढेच विचारावे.