मदतीच्या दारातील कसोटी

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १ जुलै २०११ पासून एक कायदा अमलात आला. ज्या गरीब कुटुंबात लहान मुले आहेत आणि ज्यास सरकारकडून रोख साहाय्य हवे आहे, त्यातील प्रौढ अर्जदाराने प्रथम आपली लघवी तपासून घ्यावी व आपण मादक द्रव्ये घेत नाही हे सिद्ध करावे, असे त्या कायद्याने ठरविले. तपासणीचा सुमारे तीस डॉलर खर्च अर्जदाराने पदरचा करावयाचा. निर्दोष ठरला तर तो परत मिळावयाचा. दोषी ठरला तर वर्षभर साहाय्य बंद. आणि हे साहाय्य तरी केवढे? तिघांच्या कुटुंबास महिन्याला जास्तीत जास्त ३०३ डॉलर. घरात पैसा नाही म्हणून जो दारात येऊन उभा राहिला, त्याने मिळणाऱ्या रकमेचा दहावा हिस्सा आधी स्वतःच काढून दाखवावयाचा, असा हा प्रकार होता.

हा कायदा करणारे सारे दुष्ट बुद्धीचे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. करदात्याने कष्टाने मिळविलेला पैसा कोणाच्या व्यसनात जाऊ नये, मुलाच्या दुधासाठी दिलेली रक्कम बापाच्या गांजात उडू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत अनेक कारखान्यांत नोकरी मागणाऱ्यास अशी तपासणी द्यावी लागते. मग साहाय्य मागणाऱ्यासच सूट का, हा प्रश्नही सरळ माणसाच्या मनात येतो. त्याचे उत्तर नुसत्या सहृदयतेने देता येणार नाही. त्यासाठी अशा कसोट्यांचा आजवरचा इतिहास पाहिला पाहिजे.

अमेरिकेने गरिबांविषयीचे आपले कायदे मुळात इंग्लंडकडून घेतले. इंग्लंडात १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार त्यांच्या त्यांच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीवर टाकला. भार आला तसा संशयही आला. लायक गरीब कोण आणि नालायक कोण, हे ओळखावे कसे? १६९७ मध्ये उपाय निघाला तो असा, की साहाय्य घेणाऱ्याने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर सर्वांना दिसेल असे वागवावे. ‘पी’ म्हणजे ‘पॉपर’, भिकारी. १८१० साली हा नियम रद्द झाला. चोवीस वर्षांनी त्याहून कडक कसोटी आली.

१८३४ च्या कायद्यामागे नासॉ सीनियर आणि एडविन चॅडविक या दोन विद्वानांची बुद्धी होती. त्यांचे म्हणणे असे, की गरिबाची चौकशी करीत बसण्याचे कारणच नाही. साहाय्यच असे कष्टप्रद करावे, की खरोखर गत्यंतर नसलेला मनुष्यच ते घेण्यास येईल. म्हणून धडधाकट माणसास घरी साहाय्य द्यावयाचे नाही, त्याने ‘वर्कहाऊस’मध्ये राहावयास यावे, असे ठरले. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अंगावर संस्थेचा पोशाख, पानात मोजके अन्न. १८४५ मध्ये अँडोव्हर येथील वर्कहाऊसची हकीकत बाहेर आली. खतासाठी हाडे कुटण्याच्या कामाला लावलेली माणसे भुकेपोटी त्या सडक्या हाडांतील मगज खात होती. त्यावर पार्लमेंटने चौकशी केली आणि १८४७ मध्ये गरिबांच्या कायद्याचे कमिशनच बरखास्त झाले.

या हकिकतीत मला अधिक महत्त्वाची वाटते ती एक हिशेबाची गोष्ट. १८३४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साहाय्याचा खर्च घटला, आणि कायद्याचे पुरस्कर्ते म्हणू लागले की पाहा, खर्च घटला, याचा अर्थ इतके दिवस जे घेत होते त्यांना गरजच नव्हती. आपल्याकडे म्हण आहे, ‘भीक नको, पण कुत्रा आवर’. दारात कुत्रा बांधून ठेवावा, याचक पाठ फिरवून गेला म्हणजे त्यास भूक नव्हती असे लिहून ठेवावे, असा हा न्याय झाला. जो आलाच नाही, त्याचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते.

हाच न्याय इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आपल्याकडेही आला. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड हे जिल्हे होरपळून निघाले. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाची पाहणी करण्यास धाडले. त्यांनी दिवसभर राबणाऱ्या मजुराचे धान्य एका पौंडावर, म्हणजे अच्छेरापेक्षाही खाली आणले. मुंबई इलाख्यात गावाजवळच्या लहान कामांवरील मजुरांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले, तेव्हा हजारो मजुरांनी नकार देऊन कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सरकारी दृष्टी मात्र अशी, की काम सोडून जाऊ शकतो तो उपाशी नसावा! (पुढे एका शतकाने, १९७७ च्या महाराष्ट्रातील रोजगार हमी कायद्याने तेच खडी फोडण्याचे काम मागणाऱ्याचा हक्क म्हणून मान्य केले, पण ती कथा निराळी.)

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. तेथे साहाय्य घेणाऱ्या आईच्या घरी सरकारी कर्मचाऱ्याने जाऊन पाहणी करावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७१ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की ही झडती नव्हे. बाईने दार उघडण्यास नकार द्यावा, फक्त मग तिचे साहाय्य थांबेल. १९९६ च्या कायद्याने तर साहाय्य घेणाऱ्यांची मादक द्रव्यांसाठी तपासणी करण्याची मुभा राज्यांना स्पष्ट शब्दांत दिली. मिशिगनने ती प्रथम वापरली. १९९९ मध्ये तेथे सुमारे पाच आठवडे तपासणी चालली, २६८ जण तपासले गेले, २१ दोषी निघाले आणि त्यांतील तिघे सोडून बाकीचे केवळ गांजाचे. न्यायालयाने ती थांबविली. अपिलात बारा न्यायाधीशांची मते २००३ मध्ये समसमान विभागली गेली, म्हणून खालचा निर्णय कायम राहिला.

या साऱ्या खटल्यांत जो निवाडा पुन्हा पुन्हा पुढे आला, तो गरिबांसंबंधी नव्हता, ही मौजेची गोष्ट आहे. जॉर्जिया राज्याने १९९० मध्ये असा कायदा केला होता, की राज्यातील काही अधिकारपदांसाठी निवडणुकीस उभे राहणाऱ्याने लघवीच्या तपासणीचा दाखला जोडावा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची अपघातानंतर होणारी तपासणी याच न्यायालयाने १९८९ मध्ये मान्य केली होती. कारण तेथे शेकडो प्रवाशांचे प्राण गुंतलेले असतात. उमेदवाराच्या बाबतीत तसा धोका दिसत नव्हता, संशयाला आधारही नव्हता. मग प्रश्न उरला तो हा, की ज्या तपासणीपासून राज्यकर्ता होऊ पाहणाऱ्यास मोकळीक, ती मुलांसाठी तीनशे डॉलर मागणाऱ्यावर कशी लादता येईल?

फ्लॉरिडात हा प्रश्न आरमारातून निवृत्त झालेल्या एका विद्यार्थ्याने उभा केला. तो एकट्याने आपल्या लहान मुलाचा सांभाळ करीत होता. त्याने तपासणीस नकार देऊन न्यायालय गाठले. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, कायद्यास स्थगिती मिळाली. त्या अवधीत ४,०८६ अर्जदारांपैकी १०८ दोषी निघाले होते. शंभरात तीनदेखील नव्हे. निर्दोषांना तपासणीचा खर्च परत करण्यात राज्याचे १,१८,१४० डॉलर गेले आणि वाचलेले साहाय्य वजा जाता ४५,७८० डॉलरचा तोटाच पदरी पडला. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही कायदा घटनाबाह्य ठरविला.

समर्थक यावर म्हणतात, की व्यसनी लोक तपासणीच्या भयाने आलेच नाहीत, म्हणून आकडा लहान दिसतो. हे खरे आहे की खोटे, हे कसे ठरविणार? १८३४ मध्येही हेच म्हटले गेले आणि १८७७ मध्येही हेच. ज्या कसोटीत आलेल्यांचा आकडाही तिच्या बाजूचा पुरावा आणि न आलेल्यांची उणीवही तिच्याच बाजूचा पुरावा, तीस मी कसोटी म्हणणार नाही. विशिष्ट माणसाविषयी संशयास सबळ कारण असेल तर गोष्ट वेगळी. पण केवळ गरिबी हे ते कारण नव्हे. सरकारी पैसा इतरही घेतात. पिकाचे अनुदान घेणारा मोठा बागाईतदार किंवा घरकर्जावर करात सवलत घेणारा गृहस्थ यांच्याकडून असा दाखला कोणी घेत नाही.

राहता राहिला खरोखर व्यसनात सापडलेल्यांचा प्रश्न. ते १०८ जण तर काल्पनिक नव्हते, आणि त्यांच्या घरी मुलेही होती. मुलांचे साहाय्य दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती देण्याची सोय कायद्यात होती, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. व्यसनी आईबापांसाठी मात्र तरतूद अशी, की त्यांच्या हाती उपचारकेंद्रांची यादी द्यावी. उपचार पुरा केल्यास त्यांना वर्षाऐवजी सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. त्या उपचाराचा खर्च देण्यास राज्य बांधील राहणार नाही, असेही त्याच कायद्यात लिहिलेले होते.