ख्रिस्ती उपासनेची आत्मिक तयारी

ख्रिस्ती उपासनेत, विशेषतः प्रभुभोजनात किंवा मिस्सेत, सहभागी होण्यापूर्वी उपासक आपले मन, देह आणि इतरांशी असलेले संबंध देवासमोर नीट करून घेतो, त्या साधनेस आत्मिक तयारी म्हणतात. आत्मपरीक्षण, पापांगीकार, समेट, उपवास, प्रार्थना, वचनवाचन आणि मौन ही तिची मुख्य अंगे होत. त्यांचा क्रम आणि भर पंथागणिक बदलतो. शेजाऱ्याशी समेट करण्याचा आग्रह मात्र सर्व प्रमुख परंपरांत आढळतो.

बायबलमधील आधार : सीनाय पर्वतापाशी देवाचे दर्शन होण्यापूर्वी इस्राएल लोकांनी वस्त्रे धुऊन स्वतःला शुद्ध केले आणि तिसऱ्या दिवसासाठी सिद्ध झाले (निर्गम १९). स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे यरुशलेमच्या यात्रेशी जोडली जातात; वाट चालतानाच यात्रेकरूचे मन मंदिराकडे वळावे, हा त्यांचा उपयोग. परमेश्वराच्या डोंगरावर कोणी चढावे, हा प्रश्न चोविसावे स्तोत्र विचारते आणि स्वच्छ हात, शुद्ध मन व खरी वाणी ही त्याची लक्षणे सांगते.

येशूने डोंगरावरील प्रवचनात या विचाराला निर्णायक वळण दिले (मत्तय ५:२३-२४). वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला तेथे आपल्या भावाची आठवण झाली आणि त्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे ध्यानात आले, तर अर्पण तिथेच ठेवून त्याने आधी भावाकडे जावे, असे येशू सांगतो. या वचनात रुसवा उपासकाच्या नव्हे, भावाच्या मनात आहे. आपल्या मनात कोणाविषयी काही नाही, एवढ्या समाधानावर तयारी पुरी होत नाही.

पौलाने करिंथ येथील मंडळीला आत्मपरीक्षणाचा आदेश दिला, त्यामागेही असाच प्रसंग होता (१ करिंथ ११). तेथे काही जण आधीच जेवून मद्याने धुंद होत, तर गरीब उपाशी राहून लज्जित होत. हेच अयोग्य रीतीने भाकर खाणे, असे पौल म्हणतो. त्याचा रोख रीतीवर आहे. स्वतःची पारख करून माणसाने भाकर खावी व प्याल्यातून प्यावे, असे तो सांगतो. दूर राहा असे सांगत नाही. आपण योग्य नाही या भयाने वर्षानुवर्षे प्रभुभोजन टाळणाऱ्या भाविकांसाठी हा तपशील मोलाचा आहे.

आरंभीची मंडळी : पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानला जाणारा ‘दिदाखे’ हा ग्रंथ प्रभूच्या दिवशी भाकर मोडण्यापूर्वी पापे कबूल करण्यास सांगतो, ज्यांचे भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत सभेत येऊ नये, असा त्याचा दंडक आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टरने केलेल्या वर्णनात प्रार्थनेनंतर व भाकर-प्याला आणण्यापूर्वी उपासक एकमेकांना शांतिचुंबन देतात. पुनरुत्थान सणापूर्वीच्या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख ३२५ च्या नायसिया परिषदेच्या नियमांत येतो.

कॅथलिक परंपरा : १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपाशी पापनिवेदन करण्याचे आणि पुनरुत्थान सणाच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घेण्याचे बंधन घातले. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास मध्यरात्रीपासून असे व त्यात पाणीही वर्ज्य होते. पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये पाण्याची मुभा दिली आणि १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला. पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये तो एका तासाचा केला. १९८३ च्या धर्मसंहितेने तासाभराचा नियम कायम ठेवला. पाणी व औषध चालते, आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट आहे. मिस्सेच्या आरंभीच सारे मिळून पापांगीकार करतात, आणि ख्रिस्तप्रसादापूर्वी एकमेकांना शांती देतात. उपासकांनी योग्य मनोवृत्तीने यावे, तरच उपासना फलदायी होईल, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले आहे.

पौर्वात्य परंपरा : ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत उपासनेचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रविवारची तयारी शनिवारच्या सायंप्रार्थनेपासूनच होते. ख्रिस्तप्रसादापूर्वी ठराविक प्रार्थना म्हणण्याची आणि मध्यरात्रीपासून अन्नपाणी न घेण्याची रीत आहे. महाउपवासाच्या तोंडावर येणाऱ्या ‘क्षमेच्या रविवारी’ धर्मगुरू व भाविक एकेकासमोर वाकून क्षमा मागतात आणि देतात. केरळातील सुरियानी परंपरेत उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी होणारा ‘शुब्कोनो’ हा विधी याच अर्थाचा आहे.

प्रॉटेस्टंट परंपरा : मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या ‘लघु प्रश्नोत्तरावली’त उपवासाला चांगली बाह्य शिस्त म्हटले, खरी तयारी मात्र ख्रिस्ताच्या वचनावरील विश्वासात आहे, असे शिकवले. कॅल्व्हिनच्या काळी जिनिव्हात प्रभुभोजन वर्षातून चार वेळा होई, आणि त्याआधी भांडणे मिटवण्याचे काम तेथील वडीलमंडळ करी. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाने (१५४९) वैर धरणाऱ्यांना समेट होईपर्यंत मेजापासून दूर ठेवण्याची सूचना पाळकाला दिली. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाचा सोहळा अनेक दिवस चाले: गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीचे प्रवचन, रविवारी भोजन आणि सोमवारी उपकारस्तुती. तयारी झालेल्यांना धातूचे बिल्ले देत. ते दाखवून मेजाशी बसता येई. सतराव्या शतकातील क्वेकरांनी हे विधी सोडले आणि एकत्र मौन धरून बसण्यालाच उपासनेचे रूप दिले.

महाराष्ट्र व गोवा : थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने पुराणश्रवणाची सवय असलेल्या मनाला ख्रिस्तकथेशी जोडले. गोव्यात पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणापूर्वी नऊ दिवसांची नोव्हेना होते. सणाच्या दिवशी भाविकाचे मन कोरडे नसावे, हा तिचा हेतू.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन आणि त्यानंतर आलेल्या स्कॉटिश व अन्य मिशनांच्या कार्यातून वाढल्या. प्रभुभोजनाच्या वेळी पौलाचे वचन वाचून आत्मपरीक्षणाचे आवाहन करण्याची प्रथा त्यांत रूढ आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गायिली जातात. प्रवचन ऐकण्याआधी गाऊन मन मऊ करण्याची ही रीत मराठी भक्तिपरंपरेतूनच आली आहे. पंडिता रमाबाईंनी १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात रोज प्रार्थनेसाठी जमणारे गट उभे केले. त्याच वर्षी तेथे झालेल्या आत्मिक जागृतीत उघड पापांगीकार हे ठळक लक्षण होते.

आशय : ल्यूथर व पौल यांच्या शिकवणीचा मेळ घातला, तर तयारी ही देवाच्या कृपेची किंमत ठरत नाही. मेज प्रभूचे आहे आणि आमंत्रणही त्याचेच. तयारी म्हणजे त्या आमंत्रणाला दिलेला प्रामाणिक प्रतिसाद. म्हणूनच तिच्या बाह्य नियमांत काळाप्रमाणे बदल करता आला. कॅथलिक उपवास रात्रभरावरून तासाभरावर आला, स्कॉटलंडचे बिल्ले वापरातून गेले, आजाऱ्याला सूट मिळाली. भावाकडे जाऊन समेट करण्याच्या आज्ञेला मात्र अशी सवलत कोणत्याही परंपरेने दिलेली नाही. उपवास न झेपणाऱ्या अंथरुणावरच्या माणसालाही ती पाळता येते, आणि धडधाकट माणसाला अनेकदा तीच सर्वांत जड जाते.