यादीत नसलेल्यांचा शोध

एखादे प्रवासी जहाज बुडाले, की पहिली मागणी होते ती यादीची. जहाजावर कोण कोण होते, किती वाचले, किती जणांचा पत्ता नाही, हा सगळा हिशेब यादीवरून लागतो. पण जो प्रवास मुळातच चोरून करायचा, त्याची यादी कोण ठेवणार? भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात शिरू पाहणाऱ्यांचा शोध म्हणजे अशा यादीत नसलेल्या माणसांचा शोध. त्याच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण थेट आपल्या देशाशी जोडलेले आहे.

१९९६ च्या डिसेंबरातली ही घटना. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या शेकडो तरुणांना घेऊन ‘योहान’ नावाचे एक जहाज माल्टा आणि सिसिली यांच्यामधल्या समुद्रात आले होते. भारतीयांमध्ये पंजाबातली मुले पुष्कळ होती. घरच्यांनी कर्ज काढून, जमिनी विकून दलालांचे पैसे भरले होते. नाताळच्या रात्री, २५ आणि २६ डिसेंबरच्या दरम्यान, खवळलेल्या समुद्रात यातल्या सुमारे तीनशे जणांना एका लहान बोटीत उतरवण्यात आले. इतक्या माणसांचा भार त्या बोटीला पेलणारा नव्हता. तिच्यात पाणी भरू लागले. मदतीसाठी मागे वळलेल्या ‘योहान’चीच तिला धडक बसली आणि बोट तळाला गेली. किमान २८३ माणसे बुडाली.

वाचलेल्यांना घेऊन जहाज ग्रीसला गेले. तिथे त्या तरुणांनी पोलिसांना सारी हकीकत सांगितली आणि जानेवारी १९९७ च्या सुरुवातीला ती वृत्तसंस्थांमार्फत जगभर पोचली. पण इटलीच्या अधिकाऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसेना. प्रेते सापडली नव्हती, बोटीचे अवशेष दिसत नव्हते. मग अपघात झालाच कशावरून? ज्यांच्याकडे कागदपत्रे नव्हती, त्यांच्या शब्दालाही वजन आले नाही.

पुरावा होता, तो मच्छीमारांच्या जाळ्यात. सिसिलीच्या दक्षिण टोकाला पोर्तोपालो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. अपघातानंतर तिथल्या बोटींच्या जाळ्यांत माशांबरोबर माणसांची प्रेते येऊ लागली. मच्छीमारांनी ती पुन्हा समुद्रात सोडली. आता तुम्ही म्हणाल, असे कसे करवले? पण वर्दी दिली की चौकशी लागणार, बोट बंदरात अडकून पडणार आणि रोजी बुडणार, ही भीती होती. खरे बोलणाऱ्याला भुर्दंड आणि गप्प राहणाऱ्याला काही नाही, असा तो मामला होता. गाव गप्प राहिले.

ही शांतता मोडली एका ओळखपत्राने. श्रीलंकेतल्या एका तमिळ मुलाचे ओळखपत्र एका मच्छीमाराच्या जाळ्यात आले आणि त्याने ते समुद्रात टाकले नाही. गावाचा रोष पत्करून त्याने ‘ला रिपुब्लिका’ या दैनिकाचे पत्रकार जोव्हान्नी मारिया बेल्लू यांच्याशी संपर्क साधला. जून २००१ मध्ये बेल्लू यांनी दूरनियंत्रित कॅमेरा पाण्यात सोडला. पोर्तोपालोपासून सुमारे १९ सागरी मैलांवर, १०८ मीटर खोलीवर बोट दिसली. भोवती माणसांचे सांगाडे होते. साडेचार वर्षे जी घटना ‘घडलीच नव्हती’, ती आता छायाचित्रांत होती. बोट वर काढावी असे आवाहन इटलीतल्या चार नोबेल मानकऱ्यांनी केले. पण बोट वर आली नाही.

पुढे असाच अपघात झाला, तेव्हा मात्र वेगळे घडले. १८ एप्रिल २०१५ रोजी लिबियाहून निघालेली एक मासेमारी बोट मदतीला आलेल्या मालवाहू जहाजावर आदळून उलटली. वाचले फक्त २८ जण. आत आठशेच्या वर माणसे होती असा अंदाज पुढे आला. ही बोट सुमारे ३७० मीटर खोल होती, म्हणजे १९९६ च्या बोटीच्या तिपटीहून अधिक. तरीही इटलीच्या सरकारने ती वर काढायचे ठरवले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात नौदलाने ती सिसिलीत आणली. अग्निशमन दलाच्या जवानांनी आतले मृतदेह बाहेर काढले. मिलान विद्यापीठाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ यांच्या नेतृत्वाखाली दात, हाडे, कपडे, खिशातल्या वस्तू यांची नोंद झाली. एका मुलाच्या कपड्यात शाळेचे प्रगतिपुस्तक शिवलेले आढळले. कुणाजवळ गावच्या मातीची पुरचुंडी होती.

तरीही बहुतेकांना अजून नाव मिळालेले नाही. डीएनए जुळवायचा तर नातलगाचा नमुना हवा, आणि नातलग असतो आफ्रिकेतल्या दूरच्या खेड्यात. आपला मुलगा नेमका कोणत्या बोटीत चढला, हेही अनेकदा त्याला ठाऊक नसते.

मेलेल्यांवर एवढा खर्च कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याचे उत्तर मागे राहिलेल्यांकडे आहे. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात, आणि २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातही, सात वर्षे खबर नसलेला माणूस मृत धरता येतो. तोवर वारसनोंद अडते, पत्नी धड सौभाग्यवती नाही आणि विधवाही नाही. शिवाय कायद्याने मृत धरले, म्हणून आईचे दाराकडे बघणे थांबत नाही. १९९६ च्या अपघातानंतर पंजाबातल्या कित्येक घरांनी, मुलगा कुठल्यातरी तुरुंगात असेल, सुटून येईल, ही आशा धरून वर्षे काढली.

२०१४ पासून भूमध्य समुद्रात मृत किंवा बेपत्ता झालेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची स्थलांतर संघटना ठेवते. तो आकडा तीस हजारांच्या पुढे गेला आहे. कॅमेरे आहेत, यंत्रे आहेत, डीएनएचे शास्त्र आहे. १०८ मीटरवरची बोट तळाशी राहिली आणि ३७० मीटरवरची वर आली, यात फरक खोलीचा नव्हता. बुडालेली माणसे कुणाची तरी होती, हे एकदा मान्य झाले आणि एकदा झाले नाही, एवढाच तो फरक होता.