सरनाम्याचे पठन आणि सरनाम्यावरील वाद

राष्ट्राच्या स्थापनेचा इतिहास शाळेत शिकविताना त्याचा शेवट आधी सांगण्याची प्रथा पडून गेली आहे. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, हे विद्यार्थी आरंभीच पाठ करतो. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये शाळांतून सरनाम्याचे सामूहिक वाचन अनिवार्य केले. या उपक्रमांमुळे सरनामा मुलांच्या मुखी आला, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि मुखी आलेल्या शब्दांमागे मतभेद, युक्तिवाद आणि मतांची मोजणी होती, हे कळल्यावाचून पठनाला इतिहासाच्या शिक्षणाची योग्यता येत नाही.

सरनाम्याचे मूळ पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीपुढे मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात आहे. त्या ठरावालाही तत्काळ संमती मिळाली नाही. मुस्लिम लीग आणि संस्थाने यांचे प्रतिनिधी येईपर्यंत निर्णय लांबणीवर टाकावा, अशी उपसूचना बॅ. मुकुंदराव जयकर यांनी आणली. १७ डिसेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी थांबण्याच्या बाजूने मत दिले. अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. लीग मात्र आली नाही.

खुद्द सरनाम्यावरील चर्चा १७ ऑक्टोबर १९४९ रोजी झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी सरनाम्याचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी उपसूचना मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांना देवाऐवजी देवीचे नाव हवे होते. हृदयनाथ कुंझरू यांनी कामतांच्या सूचनेला हरकत घेतली. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब असताना समूहाचे मत व्यक्तीवर लादणे घटनेच्या भावनेशी विसंगत आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ईश्वरावर मत देण्याच्या संकटात सभासदांना घालू नये, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. कामतांनी मतदानाचा आग्रह धरला. उपसूचनेच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडून ती फेटाळली गेली.

हा एक दिवस वर्गात उभा करता येतो. शिक्षकाने प्रथम उद्दिष्टांचा ठराव आणि सरनामा शेजारी शेजारी ठेवून त्यांतील साम्य व भेद विद्यार्थ्यांकडून खुणा करून घ्यावेत. पुढील तासाला एकेका विद्यार्थ्याकडे एकेका सभासदाची बाजू द्यावी. ज्याला जी बाजू मनातून पटत नाही, तीच त्याच्याकडे आल्यास अधिक बरे. शेवटी मतदान घेऊन आकडे मूळ आकड्यांशी ताडून पाहावेत. वर्गाचा निकाल वेगळा लागला तर तो दोष मानू नये. तो का लागला, याचे विवेचन हाच तिसऱ्या तासाचा पाठ. येथे एक धोका संभवतो. मूळ चर्चेचा वृत्तांत बाजूला राहिला आणि वेषभूषेलाच महत्त्व आले, तर या उपक्रमाचे स्नेहसंमेलन होते. पराभूत पक्षाचे म्हणणेही त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडले गेले पाहिजे, ही त्यातील मुख्य अट होय.

दुसरा पाठ तारखेवरून घेता येतो. आजच्या सरनाम्यात समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आहेत आणि त्याच्या अखेरीस १९४९ ची तारीख आहे. वस्तुतः हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी याच अर्थाचे शब्द पहिल्या अनुच्छेदात घालण्याची उपसूचना केली होती. समाजाची आर्थिक रचना कोणती असावी हे लोकांनी वेळोवेळी ठरवावे, घटनेने ते बांधून टाकू नये, असे म्हणून डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. सरनाम्याची १९४९ ची आणि आजची प्रत हाती दिली असता विद्यार्थी हा फरक स्वतः शोधून काढतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. घटना समितीत प्रांतांचे प्रतिनिधी प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते, आणि त्या विधिमंडळांचा मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी सीमित होता. वर्गात प्रत्येकाला मत असते; तेव्हा तसे नव्हते. हा भेद शिक्षकाने स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण सर्व प्रौढांना मताधिकार देणारा अनुच्छेद ३२६ त्याच सभेने लिहिला. मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, असे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेस सांगितले. त्यांतील एक उपसूचना जरी विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंनी समजून घेतली, तरी दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात सरनामा म्हणताना आपण उच्चारीत असलेले शब्द कसे ठरले, हे त्याला ठाऊक असेल.