मुळशीच्या पाण्याखाली

दोहा ते अल खोर हा सुमारे ३३ किलोमीटरचा सायकलमार्ग तुमच्यापैकी अनेकांच्या सवयीचा असेल. कतारमध्ये ना नदी, ना घाट. म्हणून सुट्टीत पुण्याला गेलात की काहीजण सायकलवरून मुळशी-ताम्हिणीची वाट धरता. डोंगर, दाट झाडी आणि कितीतरी वेळ सोबत करणारा तलाव! हा तलाव माणसाने केलेला आहे, हे मुलांना जरूर सांगा.

मुंबईला वीज हवी होती. मुळा नदी अडवायची, पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्याच्या जोरावर वीज करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यात मावळ्यांची भातखाचरे आणि घरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पां. म. बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. परंतु बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि त्यांना मोबदला हवा होता. ही फूटही लढ्याला भोवली. १९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला आणि धरण उभे राहिले.

आपणही गाव सोडले, पण पोटासाठी, आपखुशीने. सुट्टीत परतलो की गाव जागेवर असते. मुळशीकरांच्या नशिबी ते नव्हते. पुढच्या खेपेस काठावर सायकल थांबवाल, तेव्हा फोटो काढाच. पण पाण्याखाली कोणती गावे आहेत, हेही तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा.