नागपूरचा धर्मोपदेशक आणि लाव्हाखालचे तळे

नरखेड-काटोलकडची काळी राने ज्या खडकाच्या मातीची आहेत, तो खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, अर्थात बेसाल्ट. पश्चिमेकडून येणारा हा काळा खडक नागपूरपाशी संपत येतो. सीताबर्डीची टेकडी जवळजवळ त्याच्या काठावर उभी आहे. या काठाचा पहिला बारकाईचा अभ्यास करणाऱ्यांत एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होता : स्टीफन हिस्लॉप. कॉलेजामुळे त्याचे नाव नागपुरात सर्वांच्या तोंडी आहे. माणूस मात्र विस्मृतीत गेला. आजचा धागा त्याच्यावर.

सुरुवात स्कॉटलंडपासून करावी लागेल. १८४३ साली तेथील राजमान्य चर्चमध्ये उभी फूट पडली. गावचा धर्मोपदेशक कोणी नेमावा, जमीनदाराने की उपासक मंडळींनी, हा वादाचा मुद्दा होता. शेकडो धर्मोपदेशक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. परदेशांतील बहुतेक मिशनरीही त्यांच्या बाजूला गेले. दक्षिण आफ्रिकेत खोसा लोकांमध्ये असलेले लव्हडेलचे ठाणे आणि तेथील १८४१ चे विद्यालय या नव्या चर्चकडे आले. त्याच सुमारास भोसल्यांच्या नागपुरात दुसरे ठाणे सुरू करण्याचे ठरले आणि २७ वर्षांचा हिस्लॉप फेब्रुवारी १८४५ मध्ये येथे पोहोचला.

धर्मप्रसार हाच त्याचा हेतू होता, हे लपवण्याचे कारण नाही. त्यासाठी तो मराठी शिकला, त्यासाठीच त्याने शाळा काढली. पण पायी व घोड्यावरून खेडोपाडी फिरताना त्याची नजर वारंवार जमिनीकडे वळे.

सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्याने नागपूरजवळच्या टाकळीत लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये दडलेला एक पातळ थर तपासला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते! म्हणजे एकदा लाव्हा वाहिला, निवला, त्यावर तळे साचले, त्यात जीव नांदले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधली ही शांतता त्या शंखांत टिकून राहिली होती. दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला.

कामठी परिसरातील वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसेही मिळाले. तशीच पाने दक्षिण आफ्रिकेच्या कारू खडकांतही सापडतात. लव्हडेल त्याच खडकांच्या प्रदेशात वसलेले आहे. एका चर्चची ही दोन दूरदेशीची ठाणी मुळात एकाच प्राचीन भूखंडावर होती, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल. पुढे भूशास्त्रज्ञांनी त्या भूखंडाला गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हे नाव दिले.

गोंडांशी हिस्लॉपचा संबंध केवळ खडकांपुरता नव्हता. परधान गायकाने सांगितलेले लिंगोचे दीर्घ गीत त्याने गोंडी शब्दांत उतरवून घेतले. माझ्या मते त्याचे सर्वांत मोलाचे काम हेच. पण तो ते छापून पाहू शकला नाही.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांतांचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासह तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेला होता. परतताना टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप बोरी गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिला. सायंकाळी वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. तो ओलांडताना हिस्लॉप बुडाला. वयाचे ४६ वे वर्ष चालू होते.

त्याची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. लिंगोचे गीत त्यातच आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले. ज्या शिळावर्तुळांसाठी तो त्या दिवशी घराबाहेर पडला होता, त्या टाकळघाट-खापा परिसरात १९६८-६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी उत्खनन केले. टाकळघाटला लोहयुगातील वस्ती निघाली, आणि खाप्याला वर्तुळांखाली त्या काळच्या लोकांची दफने.